दख्खनच्या पायऱ्या मोजणारा कर्नल

अमेरिकेत नेवाडा, युटा, ॲरिझोना ह्या राज्यांतले हायवे वाळवंटातून तासन्‌तास सरळ जातात. तिथे बऱ्याच गाड्यांमध्ये एक वेगळंच पुस्तक ठेवलेलं असतं. त्यात हॉटेलं आणि पेट्रोल पंप नसतात. अमुक मैलाच्या दगडानंतर उजव्या हाताला दिसणारा लाल कडा कशाचा आहे, पुढच्या वळणावर थर वाकडे का झाले आहेत, लांबवर दिसणारा काळा डोंगर कधी काळी ज्वालामुखी होता का, हे त्यात रस्त्याच्या क्रमाने लिहिलेलं असतं. १९७२ पासून तिकडे अशा पुस्तकांची एक मालिकाच निघते आहे. हाल्का क्रॉनिक नावाच्या बाईंनी १९८३ मध्ये ॲरिझोनावर लिहिलेलं पुस्तक ह्याच मालिकेतलं. वाळवंटात झाडं नाहीत, माती नाही, त्यामुळे खडक उघडा दिसतो आणि वाचायला सोपा जातो.

मित्रमैत्रिणींनो, आता तुम्ही म्हणाल, ह्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध असा, की एप्रिल-मे महिन्यात पुण्याहून सोलापूरकडे किंवा नगरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं, की आपला दख्खनही त्या वाळवंटाच्या फार मागे नसतो. गवत वाळून गेलेलं असतं आणि डोंगरांच्या अंगावरच्या आडव्या रेघा वहीतल्या ओळींसारख्या स्पष्ट दिसतात. पण आपण त्या वेळी मोबाईलमध्ये असतो. मी सिव्हिलला आहे. इंजिनिअरिंग जिऑलॉजी हा विषय मी रीतसर पास झाले आहे. तरीसुद्धा खरं सांगायचं तर बेसॉल्ट हा शब्द मला उत्तरपत्रिकेतून जितका माहीत होता, तितका रस्त्यावरून नव्हता.

म्हणून ह्या वेळच्या मराठी विभागासाठी मी अशा एका माणसाबद्दल लिहायचं ठरवलं, ज्याने आपले हे डोंगर, घाट आणि दगड सर्वांत आधी नीट बघून लिहून काढले. त्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे हे नाव मला पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकातच भेटलं. पण त्याने लिहिलं आहे ते मराठी मुलखाबद्दल. तेव्हा ते मराठीत सांगायला हवं, असं मला वाटलं.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. त्याचे घराणे इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातले. आपण ज्या वयात नववीच्या सहामाहीला घाबरत होतो, त्या वयात, म्हणजे चौदाव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा पंधरा वर्षांचा साइक्स तिथे होता. ज्याला कॉलेज म्हणता येईल असे काही त्याच्या वाट्याला आले नाही. छावणी हीच त्याची शाळा आणि छावणीतच तो भाषा शिकला. हिंदुस्तानी आणि मराठी ह्या दोन्ही भाषांत दुभाष्याचे काम करण्याइतकी त्याची तयारी झाली. पुढे त्याने जे केले त्याच्या मुळाशी हे मराठी आहे. गावच्या पाटलाशी थेट बोलता येणे, ही त्याची पहिली आणि सगळ्यांत मोठी इन्स्ट्रुमेंट म्हणायला हवी.

त्यानंतर येते १८१७ साल. हे साल पुणेकरांना सांगायला नको. ५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. त्याच महिन्याच्या मध्यावर येरवड्याच्या बाजूला दुसरी लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. ह्या दोन्ही लढायांत साइक्स देशी शिपायांच्या तुकडीचा अधिकारी म्हणून लढला. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही तो होता.

आमचं घर बुधवार पेठेत. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर होता. तो १८७९ च्या आगीत जळून गेला आणि आता फक्त नाव राहिलं. त्यामुळे साइक्सबद्दल वाचताना मला सारखं आठवत होतं, की हा माणूस आपल्या बाजूचा नव्हता. आपलं शहर ज्यांनी घेतलं त्यांच्यात तो होता. हे लपवून त्याचं चरित्र सांगण्यात अर्थ नाही. पण ह्याच माणसाने पुढची काही वर्षं ह्या मुलखाकडे जितकं लक्ष देऊन बघितलं, तितकं बघणारे फार थोडे झाले, हेही तितकंच खरं. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायला मला जड गेलं. वाचताना तुम्हालाही जाईल.

लढाया संपल्यावर साइक्सची नजर दगडाकडे वळली ती लेण्यांमुळे. वेरूळच्या लेण्यांवर त्याने लिहिलेला लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या अंकात आला. वेरूळ म्हणजे अख्खा डोंगर वरून खाली कोरून काढलेला. लाव्हाचा खडक आतून कसा असतो, ते तिथे कारागिरांनी हजार वर्षांपूर्वीच उघडं करून ठेवलेलं आहे. १८२० मध्ये तो रजेवर युरोपात गेला आणि जवळजवळ चार वर्षे त्याने प्रवास केला.

परत आल्यावर त्याला त्याच्या आयुष्यातले खरे काम मिळाले. ऑक्टोबर १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने त्याला मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमले. म्हणजे काय, तर नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची सगळी माहिती गोळा करायची. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, जमीन कोणाच्या नावावर आणि कोणत्या हक्काने, पाऊस किती, उष्णता किती, जनावरं कोणती, खडक कोणता, सगळं. आजच्या भाषेत सेन्सस, हवामान खातं, कृषी खातं आणि जिऑलॉजिकल सर्व्हे हे सगळं एका माणसाच्या डोक्यावर!

ह्यात कंपनीचा स्वार्थ होता, हे उघड आहे. शेतसारा बसवायचा तर आधी शेत माहीत पाहिजे. पण साइक्स सरकारी फॉर्म भरून थांबला नाही. तो गावोगाव फिरला. मिरासदार म्हणजे कोण, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क काय, बलुत्याची पद्धत कशी चालते, हे त्याने समजून घेतले आणि पुढे दख्खनच्या जमीनधाऱ्यावर निबंध लिहिला. फिरताना बरोबर बॅरोमीटर आणि थर्मामीटर असत. इथे इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते.

डोंगराची उंची मोजायची तर त्या काळी पाऱ्याचा बॅरोमीटर लागायचा. लांबलचक काचेची नळी, त्यात पारा, आणि प्रवास घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवरून. ही नळी फुटायला एक धक्का पुरे. मग काय करायचं? पाणी उकळायचं! उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण तीनशे मीटर वर गेलं की उकळबिंदू एक अंश सेल्सिअसने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडं वर, म्हणून आपल्या घरातला चहा शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतो. महाबळेश्वरला तो आणखी अडीच-तीन अंशांनी खाली येतो. महागडी यंत्रं नसली तरी साध्या थर्मामीटरने आणि भांडंभर पाण्याने उंची काढता येते, ह्यावर साइक्सने एक निबंध लिहिला आणि तो १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अंकात छापून आला. आपल्याकडे लॅबमध्ये एखादं इन्स्ट्रुमेंट बंद असलं की प्रॅक्टिकल पुढे ढकलतात. साइक्सने चूल पेटवली असती.

बॅरोमीटरवरही त्याने खूप काम केले. दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठरलेल्या वेळी दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, जशी समुद्राला भरती-ओहोटी. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तो सर्वांत जास्त, दुपारी चार-पाचला सर्वांत कमी. रात्री पुन्हा तेच. ही हवेची भरती त्याने चिकाटीने नोंदवली आणि १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या अंकात मांडली.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे दगड. साइक्सने दख्खनच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८३३ चा. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे तो वाचला गेला. लायेलच्या प्रसिद्ध ग्रंथाचे तीन खंड १८३० ते १८३३ ह्याच काळात निघत होते, म्हणजे भूशास्त्र स्वतःच तेव्हा पोरसवदा होते. अशा वेळी साइक्सने काय पाहिले?

पहिलं म्हणजे पायऱ्या. कोकणातून वर बघितलं की सह्याद्री एकदम उभा दिसत नाही. एक कडा, मग सपाट पट्टा, मग पुन्हा कडा, असा तो चढत जातो. ट्रॅप हा शब्द मुळात स्वीडिश भाषेतल्या पायरी ह्या अर्थाच्या शब्दावरून आला. युरोपातले लोक तो आधीपासून वापरत होते. पण आपल्या खडकाला दख्खनचा ट्रॅप हे नाव लेखनात आणण्याचं श्रेय साइक्सच्या १८३३ च्या निबंधाला दिलं जातं. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात डेक्कन ट्रॅप म्हटलं की समजतं. त्या नावात आपला दख्खन आहे.

दुसरं म्हणजे थरांचा आडवेपणा. साइक्सच्या लक्षात आलं, की हे थर मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट आहेत. एका डोंगरात जी रेघ दिसते, ती दरीपलीकडच्या डोंगरात त्याच उंचीवर पुन्हा दिसते. सिंहगडाच्या वाटेवर उभं राहून समोरच्या रांगेकडे बघा, हे आपल्यालाही दिसतं.

तिसरं म्हणजे सगळे थर सारखे नाहीत. एक थर घट्ट काळ्या कातळाचा, तर दुसरा छिद्रांचा, ज्या छिद्रांत नंतर पांढरी, हिरवी खनिजं भरली आहेत. लाव्हा निवताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर येतो, ती ही छिद्रं. त्यात साठणारी झिओलाइटसारखी खनिजं आज जगभरच्या संग्राहकांना हवी असतात. आपल्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट तर प्रसिद्धच आहे, आणि सिन्नरला ह्या खनिजांचं गारगोटी नावाचं म्युझियम आहे.

चौथं म्हणजे दोन कातळांच्या मधला लाल मातीसारखा पट्टा. साइक्सने ह्या लोहयुक्त मातीच्या थरांची मुद्दाम नोंद केली. आपल्याकडे गावात ह्याला गेरू म्हणतात. सोप्या शब्दांत, एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याचा वरचा भाग उन्हापावसात कुजून लाल झाला, मग त्यावर पुढचा लाव्हा आला. म्हणजे हा लाल पट्टा हा दोन उद्रेकांमधला मधल्या सुट्टीचा काळ आहे!

पाचवं म्हणजे खांब आणि कांदे. काही ठिकाणी खडक निवताना आकसून त्याला उभ्या भेगा पडतात आणि षट्कोनी खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याचा आपल्याकडचा ठळक नमुना. तर काही ठिकाणी खडक गोल गोट्यांसारखा सुटतो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात. साइक्सने हे दोन्ही पाहिले आणि लिहिले. ह्याशिवाय थरांना उभे कापत जाणाऱ्या खडकाच्या भिंती, ज्यांना डाइक म्हणतात, आणि काळ्या जमिनीत सापडणारे चुन्याचे खडे, ह्यांच्याही नोंदी त्याच्याकडे आहेत.

बघा, ही यादी आपल्या सिलॅबसची आहे. आपण ज्याला पाच मार्कांच्या शॉर्ट नोट्स म्हणतो, ते सगळं ह्या माणसाने रस्त्याने जाता जाता उघड्या डोळ्यांनी टिपलं. रेल्वे नव्हती. बोरघाटातून गाडीरस्ता नोव्हेंबर १८३० मध्ये खुला झाला, म्हणजे त्याच्या कामाच्या अगदी शेवटी. आज डोंगर आतून दाखवणारे जे कट आपल्याला एक्सप्रेसवेवर फुकट बघायला मिळतात, ते त्याच्यासाठी नव्हते. त्याला कडे, नाले आणि विहिरी एवढ्यावरच भागवावं लागलं.

दगडांच्या जोडीला प्राणीही होतेच. दख्खनच्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पन्नासहून जास्त पक्षी शास्त्राला नवे होते. तळ्याकाठी ध्यान लावून बसणारी आपली ढोकरी, तिचे शास्त्रीय वर्णन साइक्सचे. सासवड, सोलापूरच्या माळरानावरच्या लांडग्याला शास्त्रीय नाव दिले तेही त्यानेच, १८३१ मध्ये. दख्खनच्या नद्यांतल्या माशांवरही त्याने लिहिले. एका चंडोलाला आणि एका वटवट्याला इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

इतके सगळे चालू असताना, डिसेंबर १८२९ मध्ये, सरकारने त्याचे पदच रद्द केले. काम अर्धवट होते. दुसरा कोणी असता तर पलटणीत परत गेला असता. साइक्सने लष्करी कामातून मोकळीक मागून घेतली आणि पद नसतानाही माहिती गोळा करणे चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये काम पुरे झाल्यावरच तो मायदेशी निघाला. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत जास्त आवडला. तोपर्यंतचं काम नोकरी होतं. नंतरचं एक वर्ष फक्त आवड होती.

१८३३ मध्ये तो सैन्यातून निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांमध्ये तो होता आणि १८६३ ते १८६५ ह्या काळात तिचा अध्यक्षही. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर झाला आणि १८५६ मध्ये चेअरमन. चौदाव्या वर्षी जिच्या फौजेत पोरगा म्हणून लागला, त्याच कंपनीच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर तो पोचला. पण त्याच्या दुसऱ्याच वर्षी १८५७ चा उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच संपले. १८५७ पासून तो स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा खासदार होता. तिथे चीनमधल्या तैपिंग बंडाच्या बाबतीत त्याने स्वतःच्याच सरकारच्या धोरणावर कडक टीका केली. १६ जून १८७२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. तोपर्यंत तो खासदारच होता.

त्याचा भूगर्भावरचा निबंध मात्र इकडे परत आला. १८५७ मध्ये मुंबईत डॉक्टर हेन्री कार्टर ह्याने पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरचे जुने निबंध एकत्र करून एक जाड ग्रंथ काढला. त्यात कच्छ, सिंध आणि अरबस्तानच्या किनाऱ्यापर्यंतचे उजाड मुलूख आहेत आणि त्यांच्या पंगतीत साइक्सचा दख्खनही बसला आहे. खरं म्हणजे ह्या भागात फिरणाऱ्याला उपयोगी पडावं असं ते पहिलंच मोठं पुस्तक. फक्त ते इंग्रजीत होतं आणि आपल्यापैकी कोणासाठी नव्हतं.

साइक्सला काय माहीत नव्हतं, हेही सांगायला हवं. आज आपल्याला माहीत आहे, की हा सगळा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, त्यातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आत, बाहेर पडला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याच सुमाराला डायनोसॉर संपले. त्यात अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, ह्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. साइक्सकडे वय मोजायचं साधन नव्हतं. पण त्याने रेघा जिथे पाहिल्या, त्या तिथेच आहेत. थिअरी बदलली, निरीक्षण टिकलं.

आता प्रश्न आपला. सिव्हिलवाल्यांना हे कळलं नाही तर काय बिघडतं? बिघडतं. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खाली झिरपतं आणि गेरूच्या मऊ थरापाशी अडतं. म्हणूनच घाटात अशा थरांपाशी झरे फुटतात. आपल्या पूर्वजांनी ह्याच पाण्याचा उपयोग केला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. पण तोच भिजलेला थर पायाखाली असला आणि वरचा भेगाळ कातळ आपण रस्त्यासाठी उभा कापला, तर वरचं ओझं सुटतं. मुरूम झालेला उतार पाण्याने जड झाला, की तोही सरकतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव अशाच पावसात डोंगराखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं मेली. २०१५ च्या पावसाळ्यात एक्सप्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि तिथेही माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आणि ती तज्ज्ञ सांगतील. पण डोंगराचे थर वाचता येणं हा काही नुसता छंद नाही, एवढं ह्यावरून कळतं. हे रस्ते उद्या आपणच कापणार आहोत. जाळ्या लावायच्या की नाही, पाणी कुठून काढायचं, हे आपणच ठरवणार आहोत.

हा लेख लिहायच्या आधी मी आप्पा बळवंत चौकात दुकानं पालथी घातली. तो तर आमच्या पेठेचा सख्खा शेजारी. क्लासच्या नोट्स, गाइडं, सोडवलेले पेपर, सगळं मिळालं. किल्ल्यांची मराठी पुस्तकं तर ढिगाने मिळाली. पुणे ते खंडाळा जाताना कोणत्या वळणावर कोणता थर दिसतो, हे सांगणारं मराठी पुस्तक मात्र मला मिळालं नाही. एका काकांनी मला विचारलं, की हे कोणत्या सेमला आहे? मी म्हटलं, कोणत्याच नाही.

साइक्सने मुलूख मोजला तो राज्य करण्यासाठी. आपल्याला तसं काही करायचं नाही. आपल्याला इथेच राहायचं आहे, म्हणून तर आपली गरज त्याच्यापेक्षा जास्त आहे. त्याला आकडे सांगणारे, वाट दाखवणारे, हा लाल थर गेरूचा हे जन्मापासून माहीत असणारे लोक आपलेच होते. त्यांची भाषा अजून आपल्याकडे आहे. कातळ, मुरूम, गेरू, गारगोटी, खडक, पाषाण हे शब्द काही कोणी डिक्शनरीतून आणलेले नाहीत.

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपल्या टी. ई. सिव्हिलच्या बॅचने पुणे ते खंडाळा ह्या जुन्या रस्त्याची एक छोटी वही करावी. किलोमीटरच्या दगडानुसार नोंदी: कुठे काय दिसतं, थर किती जाड, झरा आहे का, दरडीच्या खुणा आहेत का. वाटेत थोडं आत वळलं की कार्ला आणि भाजे आहेतच. लेणी कोरणाऱ्यांनी कातळ कसा निवडला, तेही बघता येईल. घाटात गाडी थांबवायची तर सुरक्षित जागीच, हे वेगळं सांगत नाही. दर वर्षी पुढच्या बॅचने त्यात भर घालायची आणि पावसाळ्यानंतर काय बदललं ते लिहायचं. चार-पाच वर्षांत एक पुस्तक होईल, आणि ते मराठीत होईल.

ज्यांना ह्यात यायचं आहे त्यांनी सबमिशन संपल्यावर मला भेटा. एक थर्मामीटर, एक टेप, एक वही आणि चहाचं भांडं एवढं सामान पुरे. पहिली नोंद मी करून ठेवली आहे: किलोमीटर शून्य, बुधवार पेठ, जुन्या वाड्याचं जोतं, घट्ट काळा बेसॉल्ट, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, स्थिती चांगली.